पोढीपासून न्हाणीपर्यंत

आपल्याकडे जुन्या घरांविषयी लिहिणारे लोक दिंडीदरवाजापासून आरंभ करतात, चौकात थोडे रेंगाळतात, देवघरासमोर हात जोडतात आणि माजघरातून परतीची वाट धरतात. परसदाराच्या अलीकडे, एका अंधाऱ्या कोपऱ्यात, तीन-चार हात लांबरुंदीची जी ओली जागा असते तिच्यापर्यंत कोणी जात नाही. राजांच्या स्नानगृहांचे वर्णन बखरींत व प्रवासवृत्तांत सापडते. पण सामान्य गृहस्थाच्या न्हाणीचा इतिहास कोणी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक घरातील प्रत्येक मनुष्य दिवसातून एकदा तरी जेथे निःशंक एकटा असतो अशी ही एकच जागा. नवजात मुलाचे पहिले न्हाणे, बाळंतिणीचे शेकशेगडीनंतरचे स्नान, नरकचतुर्दशीच्या पहाटेचे अभ्यंग, हे सारे ह्याच कोपऱ्यात होते. ‘न्हाणी’ हा शब्दही संस्कृत ‘स्नान’ प्राकृतातील ‘ण्हाण’मधून झिजत झिजत आपल्या घरात आलेला आहे. जागा लहान, परंतु वंश मोठा.

ह्या विषयाकडे मी वळलो तो विद्येच्या ओढीने नव्हे. आमच्या जुन्नरच्या वडिलोपार्जित घरातील न्हाणी काही वर्षांपूर्वी आम्ही ‘सुधारली’. जुना दगड उखडून, शहरातून बोलाविलेल्या कारागिराकडून गुळगुळीत, चकचकीत फरशी बसविली. खोली उजळली, पाहुण्यांनी वाखाणली. पण पाणी मोरीकडे जाण्याऐवजी उंबऱ्यापाशी साचू लागले, आणि पहिल्याच पावसाळ्यात आईचा पाय तेथे सरकला. खुब्याचे हाड मोडले. जी बाई साठ वर्षे पहाटे उठून एकटी स्नान करीत आली तिला पुढची दोन वर्षे दुसऱ्याच्या हाताने अंग पुसून घ्यावे लागले. मोडलेल्या हाडाच्या वेदनेपेक्षा ह्या परावलंबनाचे दुःख तिला अधिक होते, हे आम्ही सर्वांनी पाहिले. तेव्हापासून, जुना दगड तसा का बसविलेला होता हा प्रश्न मला पडला, आणि त्याचे उत्तर शोधीत मी पार दोन हजार वर्षे मागे गेलो.

जुन्नर हे गावच असे आहे की कोणत्याही प्रश्नाचा पाठपुरावा केला तर तो शेवटी डोंगरातल्या लेण्यांपर्यंत नेऊन पोचवितो. शिवनेरी, तुळजा, मानमोडी आणि लेण्याद्री ह्या डोंगरांनी वेढलेल्या ह्या गावाभोवती जितकी कोरीव लेणी आहेत तितकी हिंदुस्थानात क्वचितच दुसऱ्या एका गावाभोवती असतील. कोकणातून नाणेघाट चढून येणारा व्यापारी मार्ग येथे उतरत असे. सातवाहनांच्या काळी ह्या मार्गावर व्यापाऱ्यांची वर्दळ होती, आणि त्यांनी दिलेल्या देणग्यांचे लेख ब्राह्मी अक्षरांत आजही भिंतींवर वाचता येतात. ह्या लेखांत एक शब्द वारंवार भेटतो. तो म्हणजे ‘पोढी’. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके.

नहपान ह्या क्षत्रप राजाचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी मानमोडीच्या डोंगरात मंडप आणि पोढी पुण्यार्थ करविली, असे तेथील लेख सांगतो. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे दिले, आणि त्याबरोबर एक पोढी दिली. इरिल नावाच्या एका यवनाने, म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्या परदेशी गृहस्थाने, दोन पोढ्या दिल्या. त्याच्या देणगीत दुसरे काहीच नाही, केवळ पाणी आहे. हे लेख एकत्र वाचले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. राहण्याची खोली आणि पाणी ह्या त्या लोकांच्या मनात दोन निरनिराळ्या वस्तू नव्हत्या. ज्याने निवारा द्यावयाचा त्याने पाण्याची सोयही द्यावयाची, ही तेव्हाची रीत दिसते. आज घर बांधताना आपण दिवाणखान्याचा विचार प्रथम करतो आणि पाण्याचा शेवटी. अयमाच्या लेखात पोढीचे नाव मंडपाच्या शेजारी, त्याच ओळीत कोरलेले आहे.

ह्या पोढ्यांची रचनाही पाहण्याजोगी आहे. टाके लेण्याच्या दर्शनी बाजूस, एका कडेला खोदलेले. तोंड लहान आणि पोट मोठे. डोंगरावरून येणारे पावसाचे पाणी लहान लहान चरांनी वळवून त्यात आणलेले. तोंड लहान ठेवल्याने ऊन आत जात नाही, पाणी उडून जात नाही आणि शेवाळ कमी धरते. पावसाळ्याचे चार महिने धो धो पडणारे पाणी पुढचे आठ महिने पुरवावयाचे, हा सह्याद्रीच्या पायथ्याचा सनातन प्रश्न. तो सोडविण्यासाठी भिक्षूंजवळ द्रव्य नव्हते. होता तो खडक, छिन्नी आणि विचार. थोड्या जागेत, हाताशी असलेल्या वस्तूंतून, पाण्याचे येणे आणि जाणे आधी ठरवून मग बांधकाम करणे ही पोढीची शिकवण, आणि माझ्या मते आपल्या जुन्या न्हाणीची कुळकथा येथूनच सुरू होते.

आता लेण्यांतून गावात उतरू. जुन्नर, ओतूर, घोडेगाव, मंचर येथील जुन्या मध्यमस्थितीच्या घरांत न्हाणी जवळजवळ एकाच तऱ्हेची असे. जागा स्वयंपाकघराच्या मागे, परसदाराला लागून. कारण पाणी आडातून यावयाचे आणि सांडपाणी परसात जावयाचे. मध्यभागी एक मोठा, टाकीने खरवडलेला काळा दगड. ह्या दगडाचा माथा सपाट दिसे, पण हात फिरविला म्हणजे मोरीच्या बाजूला त्याचा उतार जाणवे. त्याला मुद्दाम पुरती घोट दिलेली नसे, की ओल्या पायाला पकड मिळावी. कडेला दोन वितींचा कट्टा. त्यावर हंडा, घंगाळ आणि तांब्या. भिंतीत एक कोनाडा. त्यात शिकेकाई, उटणे आणि पाय घासण्याची वजरी. वर एक आडवी दांडी, दोन खुंट्या. छपरात एक काचेचे कौल, त्यातून उजेडाचा एक चौकोन नेमका दगडावर पडे. एवढेच काय ते वैभव. ह्यातील एकही वस्तू शोभेसाठी नव्हती; आणि तरी ज्याने तांब्याच्या घंगाळात पडलेले ते सकाळचे ऊन पाहिले आहे तो शोभा नव्हती असे म्हणणार नाही.

भिंतींचे काम अधिक शहाणपणाचे होते. चुना आठवडेच्या आठवडे भिजवून, घाणीत मळून, त्यात भाजक्या विटेची पूड म्हणजे सुरखी घालीत. सुरखीमुळे चुना ओलीतही घट्ट बसतो. शिवाय त्यात गुळाचे आणि हिरड्याचे पाणी मिसळण्याची चाल होती. हिरडा म्हणजे जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील रानांतील मुख्य उत्पन्न. तेथील महादेव कोळी बंधूंच्या कित्येक पिढ्या हिरडा गोळा करून त्यावर वर्षाचे मीठमिरची भागवीत आल्या आहेत. म्हणजे मंचरच्या वाड्यातील भिंत ओल धरीत नसे, ती काही अंशी डोंगरातल्या माणसाच्या श्रमामुळे. योगायोग असा की विट्रुव्हियस नावाच्या रोमन स्थापतीने, आपल्या नाणेघाटच्या लेखांपासून फार दूर नसलेल्या काळात, हाच उपदेश केला आहे: ओलसर खोलीत जमिनीपासून सुमारे तीन फुटांपर्यंत वाळूऐवजी फुटक्या मातीच्या भांड्यांची पूड घातलेला गिलावा करावा. रोमला जाणारा माल नाणेघाटाने उतरत होता तेव्हा ही विद्याही त्या वाटेने आली किंवा गेली, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. ओल सगळीकडे सारखीच असते आणि तिच्याशी झगडणारी माणसे सगळीकडे सारखाच विचार करतात, एवढेच म्हणतो.

पाण्याचा हिशेब तर त्याहून काटेकोर. तांब्याच्या बंबात मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. वरच्या नाळक्यातून गार पाणी ओतावे तितकेच ऊन पाणी तोटीतून बाहेर यावे. ऊन पाणी हवे असेल त्याने आधी तितके गार पाणी आडातून ओढून आणले पाहिजे, हा नियम धातूतच ओतलेला होता. पुण्याच्या तांबट आळीत घडलेले हे बंब आता दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवलेले दिसतात. त्यांच्यातील ही शिस्त मात्र कोणी दिवाणखान्यात आणलेली नाही. आणि अंगावरून वाहून गेलेले पाणी? ते मोरीतून पन्हळीने परसात जाई आणि तेथे अळू, कर्दळ व केळ यांना मिळे. अळूच्या वड्यांचा आणि न्हाणीचा संबंध आमच्या पिढीच्या मुलांना शिकवावा लागत नसे. सकाळी ज्या पाण्याने न्हालो त्याचीच भाजी श्रावणात पानावर येई.

हे चित्र रंगविताना त्याची काळी बाजू लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. ही न्हाणी ज्यांच्या घरी होती त्यांची होती. गावाबाहेर ढकललेल्या वस्त्यांना आडाचे पाणीच वर्ज्य होते, मग बंब आणि घंगाळ कोठले? १८६८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला आणि १९२७ साली डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, ह्या दोन घटनांमध्ये जवळजवळ साठ वर्षांचे अंतर आहे. पाण्याचा प्रश्न किती सावकाश हलतो हे त्यावरून समजावे. डोंगरातल्या वाड्यांवर स्त्रियांचे स्नान म्हणजे घरामागे एक सपाट दगड, आणि आडोशाला कारवीचा कूड किंवा जुने लुगडे. पहाटेचा अंधार हाच त्यांच्या न्हाणीचा दरवाजा. आमच्या वाड्यांतही सोवळ्याओवळ्याचा कटाक्ष जेवढा, तेवढा स्वच्छतेचा नसे. परस नसलेल्या दाट वस्तीत मोरीचे पाणी सरळ बोळात सोडून आपण शुचिर्भूत होऊन पूजेला बसणारे पुष्कळ होते. तेव्हा जुने ते सारे सोने नव्हते. पण जे सोने होते ते आपण नेमके टाकून दिले, आणि जे दोष होते त्यांतील काही नव्या वेषात ठेवून घेतले, हे माझे म्हणणे आहे.

बदल हळूहळू आला. आगगाडीने शहाबादची करडी फरशी दूरदूरच्या गावांना सुलभ केली. ती थंड, टणक आणि पुरेशी खरखरीत असल्याने न्हाणीला मानवली. मग सिमेंट आले. पोर्टलंड सिमेंटचा शोध इंग्लंडात १८२४ सालचा. आपल्याकडे ते घरोघर पोचावयास विसावे शतक अर्धे उलटावे लागले. सिमेंटने चुन्याची घाणी बंद पाडली आणि गवंड्याची आठवडेच्या आठवडे वाट पाहण्याची सवयही मोडली. त्यानंतर नळ आला. नळ हे फार मोठे सुख आहे; ज्या स्त्रियांनी डोक्यावर हंडे वाहिले त्यांच्या देखत नळाची निंदा कोणी करू नये. पण नळाबरोबर पाणी मोजण्याची सवय गेली. शेवटी गुजरातेतील मोरबीच्या कारखान्यांतून झिलईची फरशी स्वस्त होऊन आली, आणि न्हाणी ही घरातील आरसा झाली. तिचे रूप सुधारले. तिच्यातील पाणी कोठून येते आणि कोठे जाते हा विचार भिंतीआड गेला.

तो विचार भिंतीआड गेल्याने काय होते हे आंबेगाव तालुक्याइतके स्पष्टपणे दुसरीकडे दिसणार नाही. ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे ते जुने आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे घोडेगावास आहे. ह्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूचे नाव दिलेले आहे. १९३० च्या डिसेंबरात मुंबईस परदेशी मालाच्या मोटारीखाली प्राण देणारा हा तरुण ह्याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचा. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ह्या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी खालच्या मुलुखाला ऊस, द्राक्षे आणि सुबत्ता दिली हे खरेच. पण ज्यांची जोती पाण्याखाली गेली त्यांच्या आसपासच्या वाड्यांना उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करावी लागते, अशा हकीकती वृत्तपत्रांत वारंवार येतात. आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. शहरातील घराला पाणी किती द्यावे ह्याचा जो प्रमाण हिशेब स्थापत्याच्या विद्यार्थ्यांना शिकवितात, त्यात दर माणशी दिवसाला १३५ लिटर धरलेले असतात. त्यांपैकी ५५ लिटर केवळ स्नानासाठी. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातील माणसाला पिणे, रांधणे, धुणे आणि न्हाणे ह्या सगळ्यांसाठी मिळून जे प्रमाण ठरविले ते ५५ लिटर. म्हणजे शहरी मनुष्याचे स्नान आणि खेड्यातील मनुष्याचा अख्खा दिवस कागदावर समान आहेत. हा अन्याय एकट्या गृहस्थाच्या हातून मिटणारा नाही. पण त्याचा एक धागा आपल्या न्हाणीच्या मोरीपर्यंत येतो, आणि तेवढा तरी आपल्या हातात आहे.

आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्याच्या सुटीत मी ती न्हाणी पुन्हा केली. ह्या वेळी बहुतेक स्वतःच्या हातांनी, गावातील एका वृद्ध गवंड्याला दोन दिवस सोबतीला घेऊन. प्राध्यापकाच्या हातांचे कौशल्य ते कितीसे! तरी जे साधले ते सांगतो, कारण लहान न्हाणी थोड्या खर्चात नीट करू इच्छिणाऱ्यांस त्याचा उपयोग होईल.

पहिले काम उताराचे. फरशी निवडण्यापूर्वी एक बादली पाणी ओतून ते कोठे थांबते हे खडूने आखावे. उतार दर चार फुटांस एक इंच असावा, आणि तो उंबऱ्यापासून मोरीकडेच असावा. पाणसळ नसेल तर पाण्याने भरलेली पारदर्शक नळी तेच काम करते. आमची चकचकीत फरशी काढून तेथे परसात पडलेली जुनी शहाबादी बसविली. दगडाच्या कारखान्याबाहेर कापून उरलेले तुकडे फार थोड्या पैशांत मिळतात, आणि लहान तुकड्यांच्या सांध्यांमुळे पायाला पकड अधिकच मिळते. दुसरे काम भिंतींचे. सगळी भिंत छतापर्यंत फरशीने मढविण्याची गरज नाही. पाण्याचे शिंतोडे कमरेच्या थोडे वरपर्यंतच उडतात. तेवढा भाग पक्का करावा आणि वर चुन्याची सफेदी द्यावी. चुना ओल घेतो आणि सोडतो, बुरशीला थारा देत नाही, आणि दर दिवाळीपूर्वी घरातील मुलेही हौसेने तो देऊ शकतात.

तिसरे काम उजेडाचे आणि वाऱ्याचे. ऊन वाफ वर जाते. तिला छताजवळ वीतभर झरोका दिला म्हणजे पंख्याची फारशी गरज राहत नाही. कौलारू छपरात एक काचेचे कौल बसविले की खोली आपोआप मोठी वाटू लागते. चौथे काम सामानाचे. लहान खोलीत जमिनीवर काहीही ठेवू नये. कोनाडा, खुंट्या आणि दांडी ह्यांत सारे मावते. पाचवे काम आम्ही सर्वांत उशिरा शिकलो: भिंतीत पक्की रोवलेली हातभर लांबीची धरावयाची दांडी, आणि बसून न्हाण्यासाठी दगडी कट्टा. घरात म्हातारे मनुष्य नसले तरी ती असावी, कारण म्हातारपण येतेच. विजेच्या तारा आणि छपराची तुळई ह्या दोन गोष्टींना मात्र हौशी हात लावू नये. तेथे जाणकारच बोलवावा.

शेवटचे काम पाण्याच्या परतीचे. स्नानाचे पाणी शौचकूपाच्या पाण्यात मिसळू न देता निराळ्या नळीने परसात काढले. तेथे कमरेइतका खड्डा खणून तळाशी मोठे दगड, वर विटांचे तुकडे आणि त्यावर वाळू भरली, आणि कडेने अळू व कर्दळ लावली. नळ ठेवला, पण स्नानाला बादली आणि तांब्या परत आणले. फवाऱ्याखाली दहा मिनिटे उभे राहिले तर सहज ऐंशी-शंभर लिटर पाणी जाते. बादली अठरा-वीस लिटरांत मनुष्याला स्वच्छ करून सोडते.

उखडलेला तो जुना काळा दगड परसात आडाजवळ पडून होता. तो पुन्हा आत बसविताना गवंड्याने त्यावर पाण्याची धार धरली. पाणी क्षणभर थांबले आणि मग, जणू वाट माहीत असल्याप्रमाणे, मोरीकडे निघून गेले. तो दगड कोणी घडविला त्याचे नाव आमच्या घरात कोणास ठाऊक नाही. इरिल यवनाने आपले नाव पोढीवर कोरून ठेवले. आमच्या पाथरवटाने केवळ उतार कोरून ठेवला. परसात अळू पुन्हा फुटला आहे. आईच्या हातच्या वड्या आता मिळणार नाहीत. पण आमच्या घरातील पुढच्या म्हाताऱ्या माणसाला पहाटे एकट्याने, आपल्या पायांवर उभे राहून, स्नान करता येईल अशी जागा तरी आता तेथे आहे.